डोक्यामागं

पगार सातला व्हायचा, अकराला झाला.
दिवाणजीनं चिठ्ठी दिली दुमडून,
लग्नात अक्षतांची पुडी देतात तशी,
उघडायची घाई करू नये अशी.
मी उघडली.

फाटकावर हिरवी पाटी आहे,
तिच्यावर सरकारनं ठरवलेली रोजी लिहिली आहे.
पाटीचं तोंड मानवतच्या रस्त्याकडं.
आत राहणाऱ्याला तिची पाठ दिसते,
चार बोल्ट आणि गंज.

चिठ्ठीत पहिल्या ओळीत तोच आकडा होता.
बरं वाटलं,
परक्या एस्टीत आपल्या गावचं माणूस दिसावं तसं.
मंग खाली खोली, मंग लाईट, मंग पाणी,
मंग 'इतर', ज्याचं बारसं कुणी केलं नव्हतं.

खोली बाराशे.
वैजनाथच्या चिठ्ठीत खोली बाराशे.
सोपानभाऊजीच्या चिठ्ठीत खोली बाराशे.

म्हणलं, दिवाणजी, खोली एकच हाय.
सरकीच्या गोदामाला टेकलेली, पत्र्याची, दहा बाय दहा,
रात्री गार होताना टकटक वाजणारी.
तो म्हणला, बाई, खोलीचं नाही,
डोक्यामागं हाय.

त्या रात्री मी निजलेली डोकी मोजली.
माझं धरून तीन, आणि एक लहान.
लहान डोक्यावर जिनिंगचा कापूस बसलेला,
फुंकरीनं निघेना.
मी गोधडी तिच्या कपाळावर ओढली.
आमच्याकडं पोर नजरेपासून लपवतात.
मी हिशेबापासून लपवलं.

सोपाननं तंबाखूच्या डबीतला चुना घेऊन
भुईवर दोन रेघा मारल्या.
हे माझे बाराशे, म्हणला.
चूल दादाच्यात गेली, दार वहिनीच्यात.
आता मला लघवीला जायचं तर
दोन घरमालकांना विचारावं लागंल.
लई हसलो.
वैजनाथचं हसू खोकल्यात अडकलं,
बराच वेळ बाहेर आलं नाही.

मोंढ्याच्या मागं एक खोली होती,
सिमेंटची, मोरीवाली, पंधराशेला अख्खी.
मी बघून आले. नळ सोडून बघितला.
पण कापसाची गाडी रात्री दोनला बी येते,
हाक पडते, आणि ज्याला ऐकू येत नाही
त्याचं नाव सकाळी हजेरीत नसतं.
म्हणजे छत्तीसशे रुपये
आम्ही ऐकू यायचे देत होतो.

तरी मी पावती मागितली.
भाडं घेता, तर पावती द्या.
दिवाणजी पहिल्यांदा खुर्चीतून उठला.
पावती दिली तर तू भाडेकरू होशील, म्हणला,
भाडेकरूला असं उठवता येत नाही.
मंग मी कोण?
काम हाय तवर हायस.
लबाड माणूस कधीमधी खरं बोलून जातो,
ढेकर यावी तसं, नकळत.

तेव्हापासून चुलीमागच्या काजळलेल्या पत्र्यावर
मी चुन्यानं लिहीत गेले.
महिना. डोकी. बाराशे.
सातवीपर्यंत शिकले आहे, गुणाकार येतो.
नोव्हेंबर ते मार्च, अठरा हजार.
एवढ्यात पत्रे नवे आले असते
आणि आढ्याला लाकूड.

एप्रिलात गाठी गेल्या, यंत्रं झाकली.
दिवाणजी कुलूप घेऊन आला,
पत्र्यापुढं उभा राहून ओठ हलवत त्यानं वाचलं.
बेरीज तपासली असावी, चूक निघाली नाही.
पुसून द्या, म्हणला.

ओलं फडकं घेतलं, पुसलं.
पत्रा काळाभोर, चकचकीत.
त्यानं मान हलवली, कुलूप लावलं,
शेवटच्या हप्त्यातून साफसफाईचे शंभर कापले.

टेम्पोत बोचक्यावर बसून
आम्ही जिंतूरच्या वाटेला लागलो.
पोरीच्या डोक्यातला कापूस वाऱ्यानं निघत होता.
मला ऊन बघून बरं वाटत होतं.

चुना ओला असला की दिसत नाही.
वाळला की उमटतो.
दिवाळीनंतर तिथं कुणी चूल मांडील,
तिला वाचता यावं एवढंच.